बाबांचा फोन टपाल बघायला यायचा

बाबा गेले, तरी त्यांचा फोन दर पंधरा मिनिटांनी माझ्या मेल सर्व्हरवर टपाल बघायला येत होता. लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, त्यांच्या नावाची ओळ उमटायची, लॉगिन यशस्वी, आणि मी नजर दुसरीकडे वळवायचे.

कारण आई. केनवडच्या घरात ती तो फोन स्वयंपाकघरातल्या फळीवर रोज चार्ज करून ठेवायची. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "बंद कायले करू? लोकाईले वाटन, माणसानं मुद्दाम फोन बंद करून ठेवला."

सर्व्हर मीच उभा केला होता, कॉलेजच्या सुट्टीत, भाड्याच्या मशीनवर, कंटेनरमध्ये. कंटेनर म्हणजे कधीही फेकून नवा करता येणारा डबा. जपायचं ते बाहेरच्या फोल्डरमध्ये ठेवायचं असतं. आपल्या आडनावाचा ईमेल पत्ता मिळणार म्हणून बाबा माझ्या खुर्चीमागे उभे होते, "झालं का, झालं का" करत. त्या घाईत मी खात्यांची यादी बाहेर ठेवली आणि पत्रं आतच राहिली.

हे मला कळलं गेल्या महिन्यात, केनवडला आले असताना, एका दुपारी. अपडेटसाठी मी जुना कंटेनर काढून टाकला, नवा सुरू केला. बाबांचं खातं उघडलं. शून्य पत्रं. माझं खातंही याच सर्व्हरवर, तेही रिकामं. बॅकअप नव्हता.

आता ती पत्रं फक्त त्यांच्या फोनमध्ये होती. आणि फोन पुढच्या फेरीला आला, की सर्व्हर रिकामा बघून स्वतःकडचंही पुसून टाकणार होता. मी आधी कंटेनर थांबवला. मग लॉग पाहिला. नवीन कंटेनरवर बाबांची ओळ अजून उमटली नव्हती. तरी धावत स्वयंपाकघरात जाऊन मी फोनचं नेट बंद केलं. त्यांच्यानंतर पहिल्यांदाच तो हातात घेतला होता. काचेवर त्यांच्या अंगठ्याचा तेलकट डाग असल्यासारखं वाटलं, आईचाही असेल.

पत्रं होती. सगळी.

"काय करून राह्यली तू त्याईच्या फोनले?" आई पोळपाट धुता धुता वळली.

"बाबांचे मेल वाचवतेय."

"त्याले काय झालं होतं? तुमचं इंग्रजी शाळेचं काही मले समजत नाही." हात पुसून ती शेजारी बसली. "वाच बरं एखादं."

मी हॉस्टेलला असतानाचं एक वाचलं. सोयाबीनच्या पानाचा फोटो, खाली: पानं पिवळी पडून राह्यली. तू जेवली का? मालेगावला आलो होतो, तुझ्यासाठी स्वेटर पाहिला, रंग कोणता घेऊ?

आई हसली. "घरात बोलाले तोंड नव्हतं, अन् इथं पाहा." मग म्हणाली, "अन् तू काय लिवलं?"

माझं उत्तर त्याच्या खालीच होतं. त्याच्याही खाली, पुढच्या प्रत्येक पत्राखाली, तीच दोन अक्षरं. ओके.

"निळा," मी म्हणाले. "निळा घ्या, असं लिहिलं होतं."