दारात आडवी बाज

हिरा गेली हे कळलं तेव्हा मी लसूण सोलत होते. माझा नातू सागर दारात येऊन म्हणाला, "आजी, धाकली आजी उठत न्हाई." हातातला गड्डा सोलून संपवला, मग उठले. का, ते सांगता येत नाही. हिरा माझी धाकटी जाऊ. एका चुलीवर रांधलं, भांडलोही तेवढंच. महिना होत आला, अजून रडू आलेलं नाही...

ह्याच ऊसतोडीच्या हंगामात सागरच्या बायकोला, पूजाला, मुलगी झाली. पूजाला आई नाही, म्हणून बाळंतपण आमच्याकडेच. बाळंतविडा घेऊन माणसं येतात तेव्हा बाळंतिणीला उठून बसावं लागतं, पदर सावरून, हसून. पूजा बसत राहिली. मग तिचं जेवण सुटलं. बाळ रडलं तरी भिंतीकडं बघत बसायची. सागर दिवसभर उसाचा ट्रॅक्टर कारखान्यावर न्यायचा आणि घरी येऊन लेकरू खांद्यावर घेऊन फिरायचा. एकदा डोळा लागला आणि ट्रॉली पाण्याच्या चारीत गेली. मी म्हटलं, दृष्ट काढा. हिरा म्हणाली, "आक्का, दिष्ट न्हाई, झोप न्हाई."

तिनं आपली बाज ओढत आणून पूजाच्या खोलीच्या दारात आडवी टाकली. सागरच्या खिशातली ट्रॅक्टरची चावी काढून घेतली. "आधी गिळ, मग नीज. ऊस काय पळून जात न्हाई." दोघांना गरम भाकरी खाऊ घातली, आत झोपवलं आणि बाळ मांडीवर घेऊन बाजेवर बसली. बाळ आत जायचं ते दूध प्यायलाच.

आमची नणंद श्रीगोंद्याहून आली, ती चिडलीच. "लेकरू मांडीवर घ्यायला तिकीट लावलंय का गं?"

"लावलंय की. बादलीत लंगोट हायेत, तेवढे धुवा, मग घ्या."

नणंद लई बोलली. मग पदर खोचून धुवायला बसली. पुढं जी येईल तिला हिरानं काम दिलं... कुणी मेथी निवडली, कुणी भाकरी थापल्या. गावानं नावं ठेवली. पूजा जेवायला लागली. एक दिवस तिनं आमच्या नणंदेची नक्कलसुद्धा केली.

हिरा त्याच बाजेवर गेली, दुपारच्या झोपेत. रीतीप्रमाणं बाज अंगणात काढली. माणसं भेटायला येऊ लागली. एका भावकीतल्या बाईनं पूजाला हाताला धरून बाहेर आणलं. "बायांत बस गं, रड जरा." पूजा बाळ घेऊन बसली आणि भिंतीकडं बघायला लागली. तसंच, पहिल्यासारखं.

मी उठले. अंगणातली बाज ओढत आत आणली आणि पूजाच्या दारात आडवी टाकली. एकजण म्हणाली, "मेलेल्या मानसाची बाज घरात आनत न्हाईत."

"ठाव हाय. पूजे, आत जा, नीज. सागऱ्या, तू बी." मग त्या भावकीतल्या बाईकडं बघितलं. "बादलीत लंगोट हायेत."

बाज अजून तिथंच आहे. सुंभ ढिलं झालंय, मधे हिराच्या अंगाचा खळगा पडलाय. बाळ घेऊन मी त्यात बसते. ती अंगानं मोठी होती. मला तो खळगा मोठा होतो.