अर्जात न आलेलं वाक्य

सरकारी इस्पितळाच्या फाटकासमोर झेरॉक्सच्या दुकानाचा ओटा आहे. त्या ओट्यावर एक लोखंडी टेबल, समोर गिऱ्हाइकाची खुर्ची आणि टेबलावर जुना टाइपरायटर. त्याचा ‘र’ बाकीच्या अक्षरांपेक्षा जरा वर उमटायचा. तिथे बसणाऱ्या माणसाला सगळं शहर अर्जवाले म्हणायचं. बायकोसुद्धा रागात असली की म्हणायची, या अर्जवाले, जेवायला या. अठ्ठावीस वर्षं बसले ते तिथे.

आता इस्पितळातून बाहेर पडणाऱ्या माणसाला अर्ज कशाला लागायचा, तेही ऐका. त्या शहरात गोरी माणसं होती आणि काळी माणसं होती, आणि इस्पितळ म्हणायला सगळ्यांचं होतं. दारावर तशी पाटीच होती. पण बाकावर बसून बघा म्हणजे कळेल. मागून आलेली गोरी बाई आत जायची, आधीपासून बसलेली काळी बाई बाकावरच. एकीला न मागता दुखण्याचं इंजेक्शन, दुसरीला मागून मागून तोंड सुकल्यावर एक गोळी. कुणी भांडायला गेलं तर मोठे साहेब शांतपणे म्हणायचे, लेखी द्या. मग तो माणूस दातओठ खात रस्ता ओलांडायचा आणि अर्जवाल्यांच्या खुर्चीत येऊन बसायचा.

अर्जवाले स्वतः काळेच. ते सगळं ऐकून घ्यायचे, मधे एक शब्द बोलायचे नाहीत. समोरचा रडून, शिव्या घालून मोकळा झाला की कागद चढवायचे. वर साखर, मधे कडू, खाली पुन्हा साखर, ही त्यांची रीत. सुरुवातीला इस्पितळाच्या सेवेचं कौतुक. मग झालेला प्रकार, पण तो नेहमी ‘गर्दीमुळे’ किंवा ‘नजरचुकीने’ झालेला, आणि त्याला म्हणायचं ‘गैरसोय’. शेवटी ‘आपल्या सेवेबद्दल कृतज्ञ’. रंगाचं नाव कागदावर काढायचं नाही म्हणजे नाही.

ही अक्कल त्यांना पहिल्याच वर्षी आली होती. तेव्हा त्यांचं रक्त गरम होतं. इस्पितळातल्याच एका सफाई कामगाराची आई बाकावर मेली, आणि अर्जवाल्यांनी त्याच्यासाठी असा अर्ज लिहिला की वाचणाऱ्याच्या अंगाला आग लागावी. गोरे, काळे, सगळं स्वच्छ लिहिलं. लागली की आग! साहेबांनी अर्धाच वाचला, कागद कपाटात टाकला, आणि आठ दिवसांत त्या कामगाराला घरी बसवलं. तो येऊन नुसता ओट्याखाली उभा राहून टाइपरायटरकडे बघत राहिला. त्या दिवसापासून अर्जवाले डोक्यावर बर्फ ठेवून लिहायला लागले.

आणि खोटं कशाला बोला, काम व्हायचं! कुणाच्या बापाला खाट मिळायची, कुणाला अडलेला दाखला, कुणाला निदान ‘खेद वाटतो’ असं पत्र. लोक येऊन पाया पडायचे. अर्जवाल्यांना मनातून वाटायचं, आपण या साहेबांना बरोबर ओळखलंय, गोड बोलून त्यांच्याच हातून काम काढून घेतो. वाटायचंच ना! कुणालाही वाटलं असतं.

मग त्यांची लेक त्या बाकावर बसली.

पहिलटकरीण होती. सकाळी नऊला कळा सुरू झाल्या म्हणून आईने तिला आणलं. आई म्हणजे अर्जवाल्यांची बायको, शिंप्याकडे काजं-बटणं करणारी, अक्षरओळख नसलेली, पण एकदा ऐकलेलं न विसरणारी बाई. पाच तास मायलेकी बाकावर होत्या. त्यांच्यानंतर आलेल्या दोन गोऱ्या बायका आत गेल्या, एक तर बाळ घेऊन खाटेवर झोपलीसुद्धा. रक्त जायला लागलं तेव्हा आईने नर्सचा हात धरला. नर्सने हात सोडवून घेतला आणि म्हणाली, "यांना सवय असते सोसायची." शिवी नाही, आवाज नाही, रोजचं बोलल्यासारखं बोलली. दोन वाजता लेकीला आत नेलं. नात वाचली, लेक गेली.

दिवसकार्य उरकल्यावर बायको अर्जवाल्यांना म्हणाली, अर्ज लिहा, आणि नर्सचं ते वाक्य जसंच्या तसं घाला. अर्जवाल्यांनी तिची समजूत काढली. ते वाक्य घातलं तर अर्ज कपाटात जाईल, माझ्या रीतीने लिहू दे, मी त्यांच्याकडून चूक कबूल करून घेतो. ती म्हणाली, तुमचं काम तुम्हाला ठाऊक. स्वतःच्या लेकीच्या मरणाचा अर्ज त्या माणसाने बाकीच्यांसारखाच टाइप केला. रीत मोडायची हिंमत झाली नाही म्हणा, नाहीतर रीतीवर विश्वासच तेवढा होता म्हणा. महिन्याभरात उत्तर आलं, ‘झालेल्या गैरसोयीबद्दल खेद आहे.’ अर्जवाल्यांनी ते घरी मोठ्याने वाचून दाखवलं. बायकोने नातीला मांडीवरून खांद्यावर घेतलं आणि आत गेली.

तीन वर्षांनी एक निवृत्त नर्स पेपरात बोलली. म्हणाली, आम्ही काळ्या बायकांना मुद्दाम थांबवायचो, वरूनच तशी पद्धत होती. बाई गोरी होती, म्हणून लगेच ऐकू गेलं सगळ्यांना! काळ्या बायका इतकी वर्षं बोंबलत होत्या तेव्हा सगळे बहिरे होते. तर चौकशी समिती बसली. भेदभाव सिद्ध झाला तर प्रसूतिगृहाच्या दारात आल्या वेळेप्रमाणे नंबर लागणार होते, आणि ते बघायला बाहेरचा माणूस नेमणार होते. अर्जवाल्यांच्या बायकोला तेवढंच हवं होतं. नात उद्या त्याच दारात जाणार, तेव्हा आपण असू नसू, असं ती ज्याला त्याला सांगायची.

नगरपालिकेच्या सभागृहात दोन दिवस चाळीस बायका बोलल्या. अर्जवाल्यांची बायकोही बोलली, नर्सच्या वाक्यासकट. समितीतले तिघे खाली मान घालून लिहून घेत होते. एकाने तर चष्मा काढून डोळे पुसले. घरी येताना बायको इतक्या दिवसांनी मोकळी बोलली आणि अर्जवाल्यांनाही बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी इस्पितळाच्या वकिलाने हातगाडीवरून गठ्ठे आणले. अठ्ठावीस वर्षांच्या तक्रारी, म्हणाला, आम्ही एकही फाडली नाही, सगळ्या जपून ठेवल्यात. आणि वाचायला लागला. गर्दीमुळे झालेला विलंब. नजरचुकीने झालेली गैरसोय. आपल्या सेवेबद्दल कृतज्ञ. पुढचा कागद, तेच. त्याच्या पुढचा, तेच. वकिलाने कागद उंच धरले होते, आणि पाचव्या रांगेतूनही अर्जवाल्यांना वर चढलेला ‘र’ दिसत होता. वकील म्हणाला, चारशेच्या वर अर्ज आहेत, एकातही रंगाचा उल्लेख नाही, आणि हे आमचे नव्हेत, यांचेच कागद आहेत. सफाई कामगाराचा तो पहिल्या वर्षीचा अर्ज मात्र गठ्ठ्यात कुठेच नव्हता. मग त्याने मुद्दाम शेवटी ठेवलेला एक काढला. लेकीचा. तोही पूर्ण वाचला, ‘कृतज्ञ’पर्यंत.

अर्जवाल्यांच्या बायकोने तो अर्ज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

अर्जवाले उठून उभे राहिले. म्हणाले, हे सगळे अर्ज मी लिहिलेत, लोक मला खरं सांगायचे, गोरे-काळे सगळं सांगायचे, मीच ते काढून टाकायचो. समितीच्या अध्यक्षांचा आवाज सौम्यच होता.

"म्हणजे तुम्ही तेव्हा खोटं लिहिलंत, की आता खोटं बोलताय?"

"तुम्ही वाचाल असं लिहिलं साहेब," अर्जवाले म्हणाले. "खरं लिहिलेलं तुम्ही वाचत नव्हता."

अध्यक्षांनी मान हलवली आणि पुढचं नाव पुकारलं. दीड महिन्याने अहवाल आला. लिहिणारा हुशार होता, अर्जवाल्यांच्याच शाळेत शिकल्यासारखा. वर साक्षीदार बायकांच्या धैर्याचं कौतुक. मधे, भेदभाव झाल्याचा कागदोपत्री पुरावा नाही, अडचणी गर्दीमुळे उद्भवल्या असाव्यात. खाली सर्वांचे आभार. अर्जवाल्यांनी ओट्यावर बसून तो तीनदा वाचला. एकही शब्द परका वाटला नाही त्यांना, आणि तेवढ्यानेच माणूस खचला. रस्त्याकडे तोंड करून रडले ते, भर दुपारी, लोक बघत असताना.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको ओट्यावर आली. अठ्ठावीस वर्षांत ती तिथे कधी आली नव्हती. नातीला तिने मांडीवर घेतलं आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली.

"लिहा," ती म्हणाली. "मी सांगते तसं."

अर्जवाले म्हणाले, अगं, समितीची मुदत संपली, आता हा कुणी बघणारही नाही, सरळ कपाटात जाईल.

"जाऊ दे कपाटात," ती म्हणाली. "तिथे तुमचे चारशे आहेत. त्यांच्यात एक खरा असू दे."

त्यांनी कागद चढवला. ती सांगत गेली, सकाळचे नऊ, बाक, दोन गोऱ्या बायका, रक्त. नर्सच्या वाक्यापाशी त्यांची बोटं अडली. तिने ते पुन्हा सांगितलं, तितक्याच शांतपणे, आणि त्यांनी एकेक अक्षर दाबून ते लिहिलं. संपल्यावर ती म्हणाली, वाचून दाखवा. त्यांनी पूर्ण वाचला. खाली कृतज्ञ नाही ना, हे तिने दोनदा विचारून घेतलं. मग नातीला कडेवर घेऊन, कागद हातात धरून, ती एकटीच रस्ता ओलांडून फाटकातून आत गेली.