ताइमीच्या जाहिराती आणि आमचं तालकूत

पहिल्या दिवसाची कमाई अकरा सेंट! ताइमीने हे सांगितलं आणि अख्खं मागघर खो खो हसलं.

"अगं, यात साखरेचा खडासुद्धा यायचा नाही," मी म्हणालो.

"हस, आर्वो, हस. यातूनच ही खोली तापवून दाखवते की नाही बघ!"

ताइमी आमच्या कोइवुलाक्सो गावच्या शाळेत एकतीस वर्षं स्वयंपाकीण होती. शाळा बंद पडली, मागच्या खोलीतले चार हातमाग तेवढे राहिले. चिंध्यांच्या सतरंज्या विणायला गावातल्या बायका तिथे जमायच्या, आणि बायको गेल्यापासून मीही. घरी बसून भिंतींशी काय बोलणार? अशात पालिकेने कळवलं, की यंदा खोली तापवायचा खर्च आम्ही करणार नाही. नोव्हेंबरपर्यंत सोय करा, नाहीतर माग भंगारात.

सतरंज्यांवरचा ब्लॉग ताइमी चार वर्षं लिहीत होती. लिहायची झकास. कुणाच्या सोडलेल्या नवऱ्याचा शर्ट कुठल्या पट्ट्यात गेला, हे नाव न घेता अख्ख्या गावाला कळायचं. आता तिने त्यात जाहिराती लावल्या. वाचणाऱ्याने जाहिरातीवर बोट ठेवलं, की हिच्या खात्यात काहीतरी पडायचं. शंभर युरो साठले की पहिले पैसे हातात. रोज सकाळी ती टोपीसुद्धा न घालता माझ्या दारात यायची. "बारा! आर्वो, बारा झाले!" मग तीस, मग एकोणसाठ. माझी कॉफी तिचा आकडा ऐकल्याशिवाय घशाखाली उतरेना. पण ऑक्टोबर उजाडला होता.

तेव्हा माझं डोकं चाललं. कुणाचं छप्पर घालायचं असो की सरपण फोडायचं, आम्ही तालकूत बोलावतो. सगळा गाव जमतो, काम फुकटात उरकतो, वर कॉफी. मग जाहिराती दाबायचं तालकूत का नको? ताइमी बहिणीकडे गेली होती. तिला न सांगता शनिवारी तेवीस जणांना मागघरात बोलावलं. दुकानवाली राउहा दालचिनीचे पाव घेऊन आली. ट्रकमध्ये लाकडं भरून घेत असल्यासारखा मी ओरडत होतो.

"थांबायचं नाही! दाबा!"

"अंगठा गेला रे माझा!"

"दुसरा आहे ना?"

ऐंशी वर्षांच्या लेम्पीने ट्रॅक्टरच्या टायरची जाहिरात चाळीस वेळा दाबली. "आता मला खरंच टायर घ्यावासा वाटतोय," ती म्हणाली. इतकी मजा गावात कित्येक वर्षांत आली नव्हती.

सोमवारी ताइमी परतली. दोनशे छत्तीस! ती माझ्या अंगणात नाचली, मीही नाचलो, गुडघे विसरून.

बुधवारी ती मागघराच्या दारात उभी राहिली, हातात फोन. "शनिवारी माझ्या जाहिराती कुणी दाबल्या?"

सगळ्यांनी ऐटीत हात वर केले.

"जाहिरातवाल्या कंपनीने माझं खातं बंद केलंय. कायमचं. आपल्याच माणसांनी दाबलं तर ती लबाडी धरतात. एक सेंट मिळणार नाही."

हात एकेक करून खाली आले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "माझी अक्कल, ताइमी," मी म्हणालो.

"गाढवा," ती म्हणाली. मग सगळ्यांकडे बघून, "गाढवांनो." आणि मागाशी बसून रडली. रडता रडता कुणीतरी तिला लेम्पीच्या टायरचं सांगितलं, आणि तिला हसू आवरेना.

त्याच दुपारी तिने सगळं लिहून काढलं, टायरसकट. चार दिवसांत ते पान चाळीस हजार लोकांनी वाचलं! पाचव्या दिवशी दूरच्या एका छोट्या सूतगिरणीचा फोन आला. आमची जाहिरात हिवाळाभर ठेवाल का? कोण किती दाबतं ते मोजायचं नाही, ठरलेली रक्कम देऊ. रक्कम ऐकून ताइमी मटकन खाली बसली. एप्रिलपर्यंत खोली तापणार होती.

जाहिरातीखाली तिने स्वतः एक ओळ घातली आहे. 'कोइवुलाक्सोकरांनी हात लावू नये.'

गेल्या आठवड्यात माझं ताण्याचं, म्हणजे मागावर उभं लावायचं सूत संपलं. हवं तेच सूत त्या जाहिरातीत, बोट लावायचाच अवकाश. मी फोन पालथा ठेवला, कोट चढवला आणि बसने साठ किलोमीटर जाऊन गिरणीच्या दारातून सूत विकत आणलं.