धोंडीआप्पांचे पाटे

धोंडीआप्पांविषयी लिहायचं मी वीस वर्षं टाळत आलो. कुणी त्यांचं नाव काढलं की मी त्यांच्या हातातल्या कसबाचं कौतुक करायचो आणि विषय बदलायचो. त्या कौतुकात खोटं काहीच नव्हतं. खोटं होतं ते दुसरीकडे, एका शब्दात. तो शब्द मी उच्चारला होता, आणि तो खोटा होता हे अजून माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही.

निपाणीत हमरस्त्याच्या कडेला एका चिंचेखाली त्यांचा पत्र्याचा आडोसा होता. गाडीच्या मागच्या चाकांवर एकावर एक रचलेले, धनुष्यासारखे वाकलेले पोलादी पाटे असतात. ते बदलणं, एवढंच त्यांचं काम. इंजिनाला ते हात लावत नसत. "त्येची बडबड लई. मला गप ऱ्हाणारं बरं," म्हणायचे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा आप्पा पोत्यावर बसून रस्ता न्याहाळत होते. समोरून येणाऱ्या गाडीकडे त्यांचं लक्षच नसायचं. ती पुढे निघून गेली की मान सावकाश वळायची आणि ती दिसेनाशी होईपर्यंत डोळे तिच्या पाठीवर असायचे.

"काय बघताय?" मी विचारलं.

"मागनं बघितल्याबिगर गाडी कळत न्हाय, मास्तर. म्होरनं समदीच नटल्याली असत्यात."

"मी मास्तर हे कसं ओळखलंत?"

"बाहीला खडू हाय की."

माझी गाडी म्हणजे सासऱ्यांची जुनी, दुधी रंगाची अँबॅसिडर. सासरे बेळगावातल्याच शहापूरचे. घरात माग, साड्यांचा व्यापार. साड्यांचे गठ्ठे वाहून वाहून गाडीची पाठ इतकी बसली होती, की खड्ड्यात गेली की तळ दगडाला घासायचा. सासरे गेल्यावर ती माझ्याकडे आली. माझे मेहुणे वसंतअण्णा म्हणाले, "बेळगावात कशाला शोधताय? निपाणीच्या आप्पांकडं न्या." म्हणून रविवार गाठून मी तिकडे गेलो होतो.

आप्पांनी गाडीभोवती एक फेरी मारली, मागे उकिडवे बसले, एक डोळा मिटला. "डाव्या अंगाला जास्त दमलीया. पर दोन्ही पाटं बदलायचं. येकच बदलला तर लंगडंल." तरुणपणी त्यांनी तंबाखूच्या वखारीत पोती वाहिली होती. कुठलं वजन कुठे बसतं हे आपल्याला पाठीनं शिकवलं, असं ते सांगत. "दोन पोती पाठीवर आली की माणूस पयल्यांदा गुडघ्यात वाकतंय. गाडीचं गुडघं म्हंजे हे पाटं."

ती दुपार अजून माझ्या स्वप्नात येते. गाडी लाकडी ठोकळ्यांवर टेकवलेली. मी एका मोडक्या गाडीच्या सीटवर रेललेला. वखारींकडून तंबाखूचा उग्र, गोडसर वास वाऱ्याबरोबर यायचा आणि जायचा. आप्पा गाडीखाली पाठीवर झोपून काम करत होते. मला फक्त त्यांचे पाय दिसत होते आणि आवाज ऐकू येत होता, जणू गाडीच बोलत होती. जुना पाटा सुटला की ते त्यावर हातोडीनं हलकेच टिचकी मारत आणि कान देत. बद्द आवाज आला की म्हणत, "झोपला." नव्या पाट्यावर मारली तर लांबलचक, पातळ नाद घुमला. तो विरेपर्यंत आम्ही दोघेही ऐकत राहिलो. चिंचेची बारीक पानं टपावर पडत होती. मला डुलकी लागली असावी. डोळे उघडले तेव्हा गाडी जमिनीवर होती आणि तिची पाठ वर आली होती. एखादा म्हातारा काठी टाकून ताठ उभा राहावा तशी.

मग आप्पांनी शेवटचे नट आवळले. चाकं जमिनीला टेकून वजन आल्यावरच ते आवळत. हात पुसत ते माझ्यासमोर आले.

"ध्येनात ठेवा, मास्तर. नवं पाटं पंधरा दिस आपली जागा हुडकत्यात. दबत्यात, बसत्यात, मग हे नट ढिलं पडत्यात. पंधरा दिसांनी परत या, आवळून देतो. बाकीचं काम जमलं न्हाय तरी चालंल, ह्ये चुकवू नगा."

"येतो की," मी म्हणालो.

गाडी सुरू केली तर ते खिडकीशी वाकले. "या बरं का."

घरी येताना तवंदीच्या घाटात गाडी पाण्यावरून जावी तशी गेली. इतकी सुरेख चालत होती, की पंधरा दिवसांनी पुन्हा निपाणी गाठायचा मला कंटाळा आला. पहिल्या रविवारी पेपर तपासायचे होते. दुसऱ्या रविवारी पाहुणे. मग विसरलो असंही म्हणवत नाही. आठवण व्हायची आणि मी ती बाजूला सारायचो.

दोन महिन्यांनी आम्ही एका लग्नाला निघालो. मागे वसंतअण्णा आणि आहेराच्या साड्यांचे गठ्ठे. घाटात वळणावर मागून खाडकन आवाज झाला, गाडीची पाठ एका बाजूला सरकली आणि मी काही करायच्या आत गाडी कठड्यावर आदळली. मला खरचटलंही नाही. अण्णांचा पाय मोडला. तो पुढे कधी नीट सरळ झाला नाही.

गाडी ओढून न्यायला आलेल्या मिस्त्रीनं खाली वाकून पाहिलं. "नट ढिलं हुतं, सर. मधला बोल्ट तुटून आक्सल सरकलाय. परत आवळून घ्या म्हणून सांगितलं न्हवतं का तुम्हाला?"

अण्णा कठड्याला टेकून कण्हत होते. सगळे माझ्याकडे पाहत होते.

मी म्हणालो, "नाही."

एवढंच. पण मी तीस वर्षं शिकवलेला माणूस. गावात, सासरी, मुलांच्या पालकांत माझा शब्द म्हणजे शब्द. तो 'नाही' त्या रस्त्यानं जीपवाल्यांपर्यंत, टॅक्सीवाल्यांपर्यंत पोचला. मास्तर कशाला खोटं सांगतील? आप्पांच्या चिंचेखाली गाड्या थांबेनाशा झाल्या.

पायाचं प्लास्टर निघाल्यावर अण्णा कुबडी घेऊन स्वतः निपाणीला जाऊन त्यांना चार माणसांत बोलून आले. परत आल्यावर मला म्हणाले, "मला वाटलं भांडेल. त्यानं नुसतं विचारलं, मास्तर सोता म्हणालं का? मी म्हटलं, हो. तर म्हणतो, मग मीच इसारलो असन."

मला वाटलं होतं ते माझ्यावर चिडतील, शिव्या देतील, खरं काय ते चार लोकांना सांगतील. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. स्वतःवरचा काढून घेतला.

नंतर कानावर आलं, की जे थोडे लोक अजून येत त्यांना आप्पा तीन-तीनदा सांगतात, उलट त्यांच्याकडून म्हणवून घेतात, वर गाडीच्या मागच्या काचेवर खडूनं 'परत या' असं लिहितात. लोक हसायचे. मग एके दिवशी त्यांनी हत्यारं देऊन टाकली. ज्याला आपण काय बोललो ते आठवत नाही त्यानं दुसऱ्याच्या जिवाचं काम करू नये, असं म्हणाले म्हणे.

चारेक वर्षांनी निपाणीच्या बाजारात ते समोर आले. हाडं उरली होती. मला पाहून लगबगीनं जवळ आले, माझे दोन्ही हात धरले.

"मास्तर, अण्णांचा पाय कसा हाय? माझ्यामुळं झालं समदं. मी लई आठवून बघितलं. सांगितल्यावानी वाटतंय, पर वाटण्यावर काय असतंय? तुमी म्हणताय म्हंजे ऱ्हायलंच असणार. माफ करा मला."

भोवती भाजीवाल्यांचा गलका होता. ऊन त्यांच्या पांढऱ्या दाढीवर पडलं होतं. आता बोलायचं, असं मी स्वतःला म्हणालो. तोंडही उघडलं.

"असू दे, आप्पा," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा उजळला. मी त्यांना क्षमा केली होती!

यंदा उन्हाळ्यात मी मनाचा हिय्या करून बसनं निपाणीला गेलो. त्यांच्या मुलीनं दार उघडलं. "आप्पा गेलं की हो. तीन आठवडं झालं. तुमी कोण?" मी नाव सांगितलं. ती आत वळून आईला म्हणाली, "आये, ते मास्तर आल्यात. ज्यांनी आप्पांना माफ केल्तं, ते." पाण्याचा तांब्या माझ्यासमोर आला. मी पाणी प्यालो, नमस्कार केला आणि उठलो.

बेळगावपासून वाटेत घोकत आलेलं वाक्य अजून माझ्यापाशीच आहे. आप्पा, तुम्ही विसरला नव्हता. तुम्ही सांगितलं होतं, आणि मी निघताना खिडकीशी येऊन पुन्हा एकदा सांगितलं होतं.