रबरी बूच

आमटी पहिल्यांदा खारट झाली तेव्हा मी हसले होते.

"आये, मिठाचा डबा उपडा केलास की काय?"

"खारट झाली?" आई म्हणाली. "माका तर आळणी लागता."

मला वाटलं, ती थट्टा करते आहे. पुढच्याच आठवड्यात कंपनीत डबा उघडला, भेंडीच्या भाजीचा एक घास घेतला आणि पाणी प्यायला उठले. शेजारी बसणारी म्हणाली, "काय गं, आईशी भांडलीस का?" सगळ्या हसल्या. मला ते फार लागलं. आमच्या टेबलावर माझ्या आईच्या डब्याचा मान होता. बाकीच्यांचे वडील कोणी हेडक्लार्क, कोणी मास्तर. माझ्या वडिलांचा जन्म गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, उभं राहण्यात गेला. माझ्याकडे मिरवायला दोनच गोष्टी होत्या, माझी बी.एस्सी. आणि तिच्या हाताची चव.

आम्ही मुलुंडला दोन खोल्यांत राहायचो, आई आणि मी. वडील आदल्या वर्षी वारले होते. आमच्या घरात मॅट्रिकची पायरीसुद्धा माझ्याआधी कोणी चढलं नव्हतं, म्हणून माझं पदवीचं सर्टिफिकेट आईने काचेत बसवून भिंतीला लावलं होतं. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण आल्यागेल्याला ते वाचायला लावायची. मी मुलुंडमध्येच एका औषधाच्या कंपनीत लॅबोरेटरीत होते. केमिस्ट. हा शब्द ती "केमीश" असा म्हणायची आणि बायकांत जरा मोठ्याने म्हणायची.

तिचा स्वतःचाही मान होता. उन्हाळ्यात आमच्या इमारतीत मसाले कुटून यायचे तेव्हा प्रत्येकीचा मसाला आधी आईकडे यायचा. ती चिमूटभर जिभेवर ठेवायची, डोळे मिटायची आणि सांगायची, "धणे करपले गो तुझे," नाहीतर, "बरो झालो, लवंग वायच कमी." तिने बरा म्हटल्याशिवाय कोणी बरणी भरत नसे. त्या उन्हाळ्यात शेजारच्या काकू मसाला घेऊन आल्या. आईने चिमूट जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "बरो आसा." काकू घरी गेल्या आणि संध्याकाळी परत येऊन दारातूनच म्हणाल्या, "अहो, कडू झालाय की तो! तुम्हाला कळलं नाही?" पुढच्या वर्षी कोणी मसाला आणला नाही.

हे सगळं सुरू झालं त्याच सुमाराला माझं लग्न ठरलं होतं. मुलगा बोरीवलीचा, बँकेतला, मी स्वतः पसंत केलेला. वडिलांचं वर्ष झालं की लग्न, असं बोलणं झालं होतं. मी केमिस्ट. काय घातल्यावर काय होतं ते बघायची मला सवय. लग्न ठरलं आणि मीठ वाढलं. मी दोन्ही गोष्टी एकमेकींना जोडल्या. मी गेले की ती एकटी पडणार, म्हणून हे चाललंय, असं माझ्या मनाने घेतलं.

त्याच महिन्यांत दुसरंही बरंच चाललं होतं, ते मी जोडलं नाही. वडील गेले त्या दिवसापासून तिने मासे सोडले होते. तिला कोणी सांगितलं नव्हतं. वडिलांना कालवं फार आवडायची, म्हणून तिने कालवंच काय, सुकटसुद्धा घरात आणणं बंद केलं. माझ्यासाठी सगळं करायची, स्वतः पेज आणि लोणचं, नाहीतर चहात बुडवून पाव. त्यात पोट बिघडलं ते महिनोन् महिने बरं होईना. केस मुठीने गळायचे. तोंडाचे कोपरे चिरलेले. पायाला विळी लागली ती जखम दोन महिने ओली होती. इमारतीखालचा डॉक्टर बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या द्यायचा. त्या संपल्या की पुन्हा द्यायचा.

वडिलांच्या वर्षश्राद्धाला तिने एकटीने स्वयंपाक केला. काळ्या वाटाण्यांचं सांबारं, वडे, भोपळ्याची भाजी, खीर. मी धास्तावले होते, कारण बोरीवलीची माणसं जेवायला होती. पान बाहेर ठेवलं, कावळा शिवला, आम्ही बसलो. मी भीत भीत सांबाऱ्याचा घास घेतला. मीठ बरोबर. भाजीत बरोबर. एक कण इकडचा तिकडे नाही. होणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, "विहीणबाई, हात काय आहे हो तुमचा!"

त्या दिवशी माझी खात्री पटली. नवऱ्याच्या पानाला मीठ बरोबर पडतं, पाहुण्यांना बरोबर पडतं, मलाच तेवढं खारट. पाहुणे गेल्यावर मी तिला म्हटलं, "बघ, मनात आणलं की जमतं तुला."

तिने माझ्याकडे पाहिलं. "काय जमता?"

"काही नाही," मी म्हटलं.

तरी मी तिला मोठ्या हॉस्पिटलात नेलं. मुलगी म्हणून माझ्याकडून काही राहायला नको, असं मला वाटत होतं. तिथल्या डॉक्टरांनी तिची जीभ पाहिली, केस पाहिले, पायाची जखम पाहिली आणि माझ्याशी इंग्रजीत बोलले. मी इंग्रजीत उत्तरं दिली. आई एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या तोंडावर कौतुक मावत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, शरीरात झिंक कमी असेल, म्हणजे जस्त. ते कमी झालं की चव जाते, जखमा भरत नाहीत. पण ही तपासणी आमच्याकडे होत नाही, शहरात एखाद्या ठिकाणी होत असेल तर चौकशी करा.

"आमच्याकडे मशीन आहे," मी म्हटलं. "मी स्वतः करते."

ते मशीन कंपनीत नवीनच आलं होतं. औषधात कुठला धातू किती आहे ते ज्वाळेतून सांगायचं. प्रत्येक धातूचा दिवा वेगळा. ते चालवायला शिकलेल्या आम्ही दोघीच होतो आणि त्यात माझा नंबर पहिला. आमचे साहेब म्हणाले, "माणसाचं रक्त आपल्या कामात बसत नाही. पण आई म्हणतेस, तर सुटल्यावर कर."

मी इंजेक्शनची एक नवी काचेची बाटली आणली. डिस्टिल्ड वॉटरने तीनदा धुतली. तिचं रबरी बूचही तीनदा धुतलं. खालच्या डॉक्टरने सुईने रक्त काढून बाटलीत सोडलं, मी बूच घट्ट बसवलं. बाटली रात्रभर काकूंच्या फ्रिजमध्ये आडवी पडून होती. सकाळी डब्याच्या पिशवीतून ती कंपनीत नेली. माझ्या आईची तपासणी मी करणार, दुसऱ्या कोणाच्या दारात उभी राहणार नाही, या विचाराने छाती फुगली होती. वडील असते तर काय म्हणाले असते, हेही मनात आलं.

आकडा आला. पुस्तकात दिलेल्या मर्यादेत होता. किंबहुना थोडा वरच. मी पुन्हा केलं, तरी तोच.

घरी आले तेव्हा ती तांदूळ निवडत होती. "आये, तुझ्या रक्तात काही कमी नाही. उलट जरा जास्तच आहे."

"मगे माका चव कित्याक लागणा नाय?"

"ते तुझं तुला माहीत."

तिचा हात सुपात थांबला. "मी खोटा सांगतंय?"

"मी तसं म्हटलं नाही. मशीन सांगतंय ते सांगितलं."

तिने खडा काढून बाजूला टाकला आणि पुन्हा निवडायला लागली. त्यानंतर चवीबद्दल ती एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकात मीठ घालणंच बंद केलं. माझ्या ताटाशेजारी मिठाची वाटी ठेवायची आणि म्हणायची, "तुझा तू घाल." मी त्याला रुसवा समजले. स्वतः ती वाटीला हात लावत नव्हती. कशासाठी लावायचा?

लग्न झालं. मी बोरीवलीला गेले. नोकरी मुलुंडलाच होती, म्हणून शनिवारी अर्ध्या दिवसाने तिच्याकडे जायची. दर शनिवारी ती थोडी अधिक बारीक दिसायची. "जेवतेस ना?" "जेवतंय." ताटाशेजारी वाटी असायचीच. डॉक्टरांकडे मी तिला परत नेलं नाही. माझा रिपोर्ट होता ना.

वर्ष सरत आलं असेल. कंपनीत एका इंजेक्शनच्या काही बाटल्यांत झिंक सापडायला लागलं. औषधात ते असायलाच नको होतं. आम्ही चार दिवस डोकं फोडलं. शेवटी साहेबांनी उभ्या ठेवलेल्या आणि आडव्या ठेवलेल्या बाटल्या वेगवेगळ्या तपासायला लावल्या. उभ्या स्वच्छ निघाल्या. आडव्यांत झिंक. साहेब हसायला लागले.

"अरे, बूच रबराचं ना? रबर बनवताना त्यात झिंक ऑक्साइड घालतात. आडवी ठेवली की उतरणारच ते. कॉलेजात काय शिकलात रे तुम्ही सगळे?"

मी शिकले होते. परीक्षेत त्यावर प्रश्न आला होता, मी पूर्ण मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. मी बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

त्या संध्याकाळी, धातूचा कणही राहू नये म्हणून, प्लॅस्टिकच्या नळ्या ॲसिडमध्ये बुडवून ठेवल्या. शनिवारी खालच्या डॉक्टरला घेऊन वर आले. आईने कशासाठी म्हणून विचारलं नाही. पदर बाजूला केला आणि हात पुढे केला. तो हात वर्षभरात केवढासा झाला होता, ते मी तेव्हा नीट पाहिलं. सुई शिरायला जागा मिळेना.

आकडा पुस्तकातल्या मर्यादेच्या कितीतरी खाली आला.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी झिंक सल्फेटच्या कॅप्सूल लिहून दिल्या, पोटाचं वेगळं औषध दिलं. मला म्हणाले, "एवढे दिवस का थांबलात?" आईला विचारलं, "मासे खाता का? कालवं, तिसऱ्या खा, त्यात हे भरपूर असतं." आईने मान हलवली. "सोडलेत." ते पुन्हा म्हणाले, औषध म्हणून तरी खा. ती म्हणाली, "गोळी खाईन." तिथे तिने कोणाचं ऐकलं नाही.

कॅप्सूलने तिला मळमळायचं. तरी एकही चुकवली नाही. पाच-सहा शनिवार गेले. मग एका शनिवारी मी हात धुऊन ताटावर बसले तर शेजारी वाटी नव्हती. मी आमटीभात कालवला आणि घास घेतला. मीठ बरोबर होतं.

"चाखलंय आज," ती म्हणाली. पळीतला थेंब तळहातावर घेऊन चाटायची तिची जुनी पद्धत होती, ती तिने हाताने करून दाखवली. "लागला."

मी पुढचा घास ताटात ठेवला. तेव्हा मी तिला बुचाचं सगळं सांगितलं. बाटली, फ्रिज, रबरात काय असतं, सगळं. ती शेवटपर्यंत ऐकत होती.

"म्हंजे ता जास्तीचा, ता बुचाचा होता. माझा नाय."

"हो आये."

"आणि बाबांच्या वर्साक जेवण बरा कसा झाला, ता तू माका कधी इचारलंस नाय."

"आत्ता विचारते," मी म्हटलं.

"पितरांचा चाखूचा नसता," ती म्हणाली. "हाताक म्हायत आसा तितक्या घातलंय आणि गप रवलंय. रोजचा चाखतंय, लागणा नाय, म्हणान आणखी घालतंय. इचारलं असतंस तर सांगलं असतंय."

मी म्हटलं, "चुकलं माझं."

तिने माझ्या ताटात भात वाढला. रागात नव्हती, आवाजही चढला नव्हता. "माझ्यार नाय ठेवलंस. बुचार इश्वास ठेवलंस."

ती पुन्हा पूर्वीसारखी रांधायला लागली. काकू मसाला घेऊन आल्या तेव्हा मात्र म्हणाली, "आता नको. दुसऱ्या कोणाक तरी दाखवा." स्वतःविषयी विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं, "बरी आसंय." दर शनिवारी मी खोदून खोदून विचारायची. ती हसून म्हणायची, "माका काय इचारतंस? तुझ्या मशिनीक इचार." मीही हसायची. दुसरं काय करणार?

दोन वर्षांनी तिला त्याच हॉस्पिटलात न्यावं लागलं. हे दुखणं वेगळंच होतं, आणि बरेच महिने ती ते अंगावर काढत होती. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, कुठे दुखतं? कधीपासून?"

तिने माझ्याकडे बोट केलं. "तिका इचारा. तिच्याकडे मशीन आसा."

डॉक्टर हसले. मी त्यांच्या टेबलावरचे कागद बाजूला सारले आणि तिच्यासमोर बसले. म्हटलं, "आये, तूच सांग. तू सांगशील ते खरं."

ती बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मसाला जिभेवर ठेवून ती अशीच थांबायची. मग तिने माझा हात धरला, पदराखालून आपल्या कुशीवर, बरगडीच्या जरा खाली, नेऊन दाबला.

"हंयसर," ती म्हणाली.