मुशीची वाट

परळच्या पूर्वेला, खाडीकाठच्या आमच्या कोळीवाड्यात बाळंतिणीला मुशी खाऊ घालत. खरखरीत कातडीचा, दातेरी मासा. त्याचं कालवण प्यायलं की पान्हा फुटतो, अशी सगळ्यांची खात्री. माझा भाऊ दिवाळीच्या सुमारास जन्मला आणि आत्यानं बाबांना लगेच फर्मावलं, "दादा, मुशी आन."

एरवी सोपं होतं ते. पण त्या वर्षी पावसानं ताळ सोडला होता. आषाढ कोरडा काढला, भादव्यात खाडी गढूळ करून टाकली आणि जवळा वाळत घालायच्या दिवसांत पुन्हा कोसळला. जवळा आलाच नाही. एवढीशी ती कोळंबी, तिला कोण विचारतो? पण मांदेली, बोंबील तिच्यावर जगतात आणि मुशी त्यांच्यावर. वाईट वर्षं आधीही झाली होती. तेव्हा एक मासा रुसला तर दुसरा असायचा, समुद्र कसाबसा सावरून घ्यायचा. यंदा पाऊस नि ऊन इतकी उलटसुलट झाली की सावरायला कोणी उरलंच नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

जाळं रिकामं, म्हणून लालबागच्या चाळींत नेऊन विकायला काही नाही; म्हणून घरात तांदूळ नाही. आईच्या वाट्याला पेजेचं पाणी. बाळ ओढून ओढून थकायचं, मग रडायचंही सोडून द्यायचं. शेजारणीनं एकदा शेळीचं दूध आणलं, तर आत्यानं वाटी परत केली. "जनावराच्या दुधाची चव लागली तं पोर आईला तोंड लावनार नाय. मुशी येऊं दे." सगळा वाडा मुशीची वाट बघत होता. आई उपाशी आहे, हे कोणाच्या डोक्यातच येत नव्हतं. मला आजही त्याचा संताप येतो.

बाबा दूरवर जाऊ लागले, रात्रही होडीतच काढू लागले. शेवटी एका सकाळी ते मुशी घेऊन आले. हातभर लांब, हडकुळी. बाळ आदल्या संध्याकाळीच गेलं होतं. बाबांना ते दारातच कळलं आणि ते तिथंच खाली बसले.

सुतकाच्या घरात चूल पेटवायची नाही, म्हणून शेजारणीनं मुशी आपल्या घरी नेली. चिरली तर तिच्याही पोटात काही नव्हतं, म्हणाली. कालवणाबरोबर तिनं भाताचं पातेलं आणलं. दुसऱ्या घरांतूनही भात आला. मेल्या घरी भात पोचवायची आमची रीत. जित्या घरी पोचवायची नव्हती. सुतकातही बाळंतिणीला मासळी चालते, हे आत्यानंच ठरवलं. आई जेवली. त्या दिवशीही आणि दुसऱ्या दिवशीही.

तिसऱ्या सकाळी तिची चोळी ओली दिसली. आत्याचा चेहरा उजळला. बिचारीच्या मनात काही वाईट नव्हतं.

"बघ गो वयनी, बोलले व्हते ना मी? फुटला पान्हा."

आईनं पदर छातीवर ओढून घेतला.

"आता कुनाला पाजू?" ती म्हणाली.