मामांची मधली सुट्टी

कडेगावात हिंदुरावला नावानं हाक मारणारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत. बाकीच्यांचा तो मामा. एकतीस वर्षं तो हायस्कुलात शिपाई होता, आणि शाळेचा शिपाई म्हणजे मामाच, तिथं दुसरं नातं चालत नाही. डोक्याला टक्कल पडलेले, साखर कारखान्यावर साहेब झालेले गडीसुद्धा एसटी स्टँडवर मामा दिसले की हातातली सिगारेट पाठीमागं लपवतात. असा अख्ख्या गावाचा मामा, आणि घरात बोलायला भिंती. बायको आक्काताई जाऊन तीन वर्षं झाली. एकुलता एक कपिल इंजिनियर होऊन इंग्लंडला गेला, तो तिकडचाच झाला.

शाळेनं मोडके बाक भंगारात काढले, तेव्हा त्यातला एक हिंदुरावनं घरी आणला, खिळे ठोकून धड केला आणि पडवीत मांडला. बाक दोघांचा. बसणारा एक. सकाळचा चहा तिथं, भाकरी तिथं, दुपारची डुलकीही तिथंच.

दर रविवारी नातीचा फोन यायचा. दीक्षा चौदा वर्षांची. "आबा, जेवलात?" "जेवलो. तू?" "हो." एवढ्यावर गाडी अडायची ती अडायचीच. मग दोघंही एकमेकांचा श्वास ऐकत बसायचे, आणि कुणीतरी फोन ठेवायचं.

पण एका रविवारी पोरगी आपणहून बोलायला लागली. शाळेनं काम दिलं होतं: वेगवेगळ्या देशांत हायस्कूल कसं असतं ते घरातल्या मोठ्या माणसाला विचारून लिहायचं. वर्गातल्या पोलंडच्या मुलीनं लिहिलं होतं, तिच्या आजीला शाळेत रशियन सक्तीचं होतं. नायजेरियातल्या एका मुलाच्या आजोबांना तास सुरू व्हायच्या आधी मैदान झाडावं लागायचं.

"तुमची शाळा सांगा ना, आबा."

हिंदुरावच्या अंगावर मूठभर मांस चढलं. स्वतः चौथी पास, पण हायस्कूल म्हणजे काय हे त्याच्याइतकं हेडमास्तरांनाही ठाऊक नव्हतं. मग काय विचारता! परिपाठ सांगितला, घंटा म्हणून टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा सांगितला, गॅदरिंगला पडदा अडकला तो सांगितला, परीक्षेच्या आदल्या दिवशी गणिताच्या मास्तरांची छडी आपणच पाण्याच्या टाकीमागं लपवायचो, हेही सांगून टाकलं.

दीक्षानं तिकडचं सांगितलं. तिथं प्रत्येक मास्तरची खोली ठरलेली. तास संपला की पोरांनीच दप्तर उचलून दुसऱ्या खोलीत जायचं.

"म्हंजे मास्तर जाग्यावर आन् पोरं वरातीवाणी फिरत्यात?" हिंदुराव खो खो हसला. "आमच्याकडं उलटं. पोरं बाकावर, मास्तर फिरतो. मग तुझ्या शेजारी कोण बसतं गं?"

"दर तासाला वेगळं कोणीतरी."

"आन् डबा खाताना?"

रेंज गेली की काय म्हणून हिंदुरावनं फोन कानापासून काढून बघितला.

"कोणी नाही," दीक्षा हळूच म्हणाली. "मी जानेवारीत आले ना ह्या शाळेत. सगळ्यांचे ग्रुप आधीच झालेले."

पोरीला धीर द्यावा म्हणून हिंदुराव घाईनं बोलून गेला, "आमच्या शाळंत असलं कवाच न्हवतं बघ. एकाबी पोराला आमी एकटं बसू दिलं न्हाई. लिही तसं."

फोन स्पीकरवर होताच, ती लिहायलाही लागली. तेवढ्यात मागून कपिलचा आवाज आला.

"आबा, खोटं कशाला सांगताय तिला? आठवी ते दहावी मी एकटाच बसत होतो."

आवाजात राग नव्हता. किती वाजले ते सांगावं, तसा तो बोलला. राग असता तर बरं झालं असतं.

खरंच होतं ते. शिपायाचं पोर बापाकडं चुगल्या लावणार, बाप हेडमास्तरांच्या कानात सांगणार, म्हणून कपिलच्या बाकावर कुणी टिकत नसे. आणखीही काही कुणाकुणाच्या मनात असेल. ते कुणी बोललं नाही, हिंदुरावनंही कधी विचारलं नाही. पहिले काही दिवस पोरगा मधल्या सुट्टीत डबा घेऊन बापाकडं घंटेखाली यायचा. एक दिवस हिंदुरावनंच त्याला परत धाडलं. "हितं येऊ नगंस. पोरं म्हणत्याल, बापाला सांगाय आला. वर्गात जा." पोराच्या भल्याचंच केलं, असं त्याला वाटलं होतं.

पोरगा पुन्हा आला नाही. पुढं तीन वर्षं हिंदुराव सुट्टीचा टोल द्यायचा आणि समोरच्या खिडकीतून बघायचा: कपिल डब्याचं झाकण उभं धरून, त्याच्या आड खाली मान घालून खातोय. मग हिंदुराव पाण्याची टाकी भरायला निघून जायचा. सगळ्या शाळेचा मामा झाला, त्या एका पोराचा बाप व्हायला त्याला भ्या वाटलं. आज ते आठवून त्याला स्वतःची लाज वाटली.

"दीक्षा," तो म्हणाला, "ते खोड."

"मग काय लिहू?"

"लिही, माझा बाप एकटा डबा खात हुता. आजा घंटा वाजवून नुसता बघत हुता. पोरगं जवळ आलं तर त्यानं हाकलून लावलं."

"का, आबा?"

"भ्यालो गं."

मग हिंदुरावनं विचारलं, "तुझी मधली सुट्टी कवा असती?"

"साडेबाराला. तेव्हा तुमच्याकडे पाच वाजतात. पण शाळेत फोन चालत नाही, आबा."

"फोन नगंच. पाचाला मी हितं डबा उघडतो, तू तितं उघड. म्हातारा शेजारी बसलाय आसं समज."

"बरं," ती म्हणाली. आणि मागून कपिल म्हणाला, "साडेबाराला मीपण जेवतो, आबा. ऑफिसात. एकटाच."

सोमवारी पाचाच्या ठोक्याला हिंदुरावनं जुना पितळी डबा उघडला. शेजारची दगडाबाई विरजण मागायला आली आणि बघतच राहिली.

"आवं मामा, ही काय जेवायची येळ?"

"मधली सुट्टी हाय."

म्हातारपणी डोकं फिरतंय बिचाऱ्याचं, असं मनाशी म्हणत ती टेकायला बाकाकडं वळली. हिंदुराव एका कडेला सरकून बसला होता आणि दुसऱ्या कडेला त्याचा टॉवेल घडी घालून ठेवला होता.

"तितं नगं बसू बाई," तो म्हणाला. "जागा धरलीया."

"कुणाला?"

"कपिलला."